लवचीक कार्यवेळ आणि कर्मचारी कल्याण : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
कामाचे तास हा औद्योगिक समाजातील सर्वांत जुन्या वादविषयांपैकी एक होय. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळविली. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच कराराद्वारे दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा मान्य केली. या दोन्ही टप्प्यांवर मुख्य प्रश्न 'किती तास' हा होता. आज त्याच्या जोडीला 'कोणते तास, कोठून आणि कोणाच्या निर्णयाने' हा प्रश्न उभा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बारामती व इंदापूर तालुक्यांतील श्रमजीवनाच्या आधारे केला आहे.

लवचीक कार्यवेळेची संकल्पना :
कामाचे एकूण तास कायम ठेवून येण्या-जाण्याची वेळ किंवा कामाचे ठिकाण निवडण्याची मुभा म्हणजे लवचीक कार्यपद्धती होय. १९६७ मध्ये जर्मनीतील म्युनिकजवळच्या एका विमाननिर्मिती कंपनीने ही पद्धत अवलंबिली. सकाळी एकाच वेळी होणारी गर्दी टाळण्यासाठी सर्वांनी हजर राहावयाचे काही तास निश्चित केले गेले व उर्वरित वेळ कर्मचाऱ्यांवर सोपविण्यात आली.

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एका चिनी प्रवास कंपनीतील १६०० हून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि कामाच्या दर्जावर विपरीत परिणाम झाला नाही, असे त्यात आढळले. मात्र हे निष्कर्ष संगणकावर काम करणाऱ्या वर्गाचे आहेत, हे विसरता येत नाही.

बारामती व इंदापूरमधील श्रमाचे स्वरूप :
या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती आणि इंदापूरचा कर्मयोगी असे सहकारी साखर कारखाने आहेत. बारामती औद्योगिक वसाहतीत वाहननिर्मिती, फोर्जिंग व दुग्धप्रक्रिया उद्योग आहेत. टेक्स्टाईल पार्कमध्ये आसपासच्या गावांतील स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात. शिवणयंत्र, भट्टी किंवा उसाची गव्हाण घरी नेता येत नाही. त्यामुळे येथील बहुसंख्य कामगारांना घरून काम करण्याचा पर्याय मुळातच उपलब्ध नाही.

तरीही लवचीकता या परिसराला नवी नाही. गाळप हंगामात साखर कारखाना अहोरात्र तीन पाळ्यांत चालतो. हंगाम संपला की हंगामी कामगाराला कामाविना थांबावे लागते. ऊसतोड मजुराचे उदाहरण त्याहून बोलके आहे. मुकादमाकडून उचल घेऊन आलेले जोडपे टनावर मजुरी मिळविते. पहाटेपूर्वी फडात जाणे आणि रात्री-अपरात्री गाडी भरणे हे कारखान्याच्या गरजेनुसार ठरते. या कामाला ठरावीक वेळ नाही, म्हणजे ते एका अर्थाने पूर्णतः 'लवचीक' आहे. परंतु वेळेवरचा अधिकार मजुराकडे नाही. येथे काम वाकत नाही, मजूर वाकतो.

आरोग्यावरील परिणाम :
जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो. सतत बदलणाऱ्या पाळ्यांमुळे झोप व पचन बिघडते. पाळी ऐनवेळी बदलली की मुलांची शाळा, वृद्धांची देखभाल आणि घरची शेती या तिन्हींची घडी विस्कटते. स्त्री कामगारांवर हा ताण दुहेरी पडतो.

कायदा आणि मर्यादेचा प्रश्न :
बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके ज्या लोकसभा मतदारसंघात येतात, त्याच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये 'राइट टू डिस्कनेक्ट' हे खासगी विधेयक लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले. कामाच्या वेळेनंतर आलेला दूरध्वनी वा ई-मेल न स्वीकारण्याचा अधिकार कर्मचाऱ्यास असावा, हा त्याचा गाभा आहे. फ्रान्समध्ये अशी तरतूद जानेवारी २०१७ पासून लागू आहे. पूर्वी कारखान्याचा भोंगा झाला की काम संपत असे. भ्रमणध्वनीला भोंगा नाही, ही या विधेयकामागील जाणीव आहे.

दुसऱ्या बाजूस, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार केंद्रीय श्रम संहिता लागू झाल्या. त्यांत जादा कामाला दुप्पट वेतन, रात्रपाळीसाठी स्त्रियांची संमती आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर या तरतुदी आहेत. प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची सोयही आहे. उचलीच्या वा नोकरी जाण्याच्या भीतीखाली दिलेली संमती कितपत मोकळी असते, यावर या तरतुदींचे यश अवलंबून राहील.

उपाययोजना :
१) पाळ्यांचे वेळापत्रक किमान दोन आठवडे आधी जाहीर करावे.
२) सहकाऱ्याशी पाळी बदलून घेण्याची सोपी, लेखी पद्धत असावी.
३) सुगी, लागण व यात्रा यांच्या काळात रजेचे नियोजन कामगारांशी चर्चेने व्हावे.
४) टेक्स्टाईल पार्कसारख्या ठिकाणी पाळणाघर व कंपनीच्या बसच्या वेळा पाळीशी जुळवाव्यात.
५) ऊसतोड मजुरांसाठी आठवड्याची सुट्टी खाडा न धरता मिळावी.
६) कार्यालयीन कर्मचाऱ्यांना कामानंतर संपर्क न करण्याचे तास निश्चित करावेत.

निष्कर्ष :
लवचीकता ही स्वतःहून कल्याणकारी नसते. वेळ निवडण्याचा अधिकार कर्मचाऱ्यास असेल आणि तासांना वरची मर्यादा असेल, तरच ती आरोग्य व कुटुंबजीवन यांना पोषक ठरते. हे दोन आधार काढून घेतले, तर तिचे रूप ऊसतोड मजुराच्या अमर्याद दिवसासारखे होते. घरून काम करता न येणाऱ्या कामगारासाठी पाळीची पूर्वसूचना, हक्काची सुट्टी आणि मुलासाठी पाळणाघर हीच खरी लवचीकता होय. बारामती-इंदापूरच्या उद्योगांनी व सहकारी संस्थांनी कर्मचारी कल्याणाचा विचार येथून सुरू करणे उचित ठरेल.