‘कू’चे मौन आणि भांडवलाची घाई

10 फेब्रुवारी 2021 रोजी केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ट्विटरला उत्तर दिले. पण ते ट्विटरवर नव्हे, तर ‘कू’ या बंगळुरूच्या नवख्या मंचावर. शेतकरी आंदोलनाशी संबंधित खाती बंद करण्यावरून सरकार आणि ती अमेरिकी कंपनी यांच्यात तेव्हा चांगलीच जुंपली होती. पीयूष गोयल, रविशंकर प्रसाद प्रभृती मंत्री ‘कू’वर दाखल झाले. मंत्र्यांनी बिऱ्हाड हलवले की खातीही हलतात, हा राजधानीचा जुना रिवाज. त्यानुसार अनेक सरकारी कार्यालयांची खाती तेथे उघडली गेली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय असल्याने या मंचाविषयी घराबाहेर पडलेल्या मराठी माणसालाही थोडे ममत्व वाटले असल्यास नवल नाही. 3 जुलै 2024 रोजी संस्थापकांनी ‘कू’ बंद करीत असल्याचे जाहीर केले.

राजाश्रयाची एवढी सावली असताना हे रोप वाळले कसे? ‘आत्मनिर्भर’ म्हणून गौरविल्या गेलेल्या या कंपनीच्या भांडवलाकडे पाहिल्यास उत्तराचा धागा सापडतो. मूळ कंपनीत शुनवेई या चिनी संस्थेचा हिस्सा होता. चीनशी संबंध बिघडलेल्या त्या काळात तो अडचणीचा ठरला आणि मार्च 2021 मध्ये जवागल श्रीनाथ यांच्यासह काही भारतीयांनी तो विकत घेतला. दोनच महिन्यांनी ‘टायगर ग्लोबल’ या अमेरिकी गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने 3 कोटी डॉलर आले. चिनी पैसा गेला, अमेरिकी आला. आत्मनिर्भरतेची व्याख्या दिल्लीत नेहमीच लवचीक राहिली आहे.

साहसी भांडवलाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. असा निधी साधारणतः दहा वर्षांत आपल्या मूळ धन्यांना पैसे परत करावयाचा असतो. दहापैकी बहुतेक उद्योग बुडणार, एखादाच शंभरपट वाढणार, हे त्याचे गणित. त्यामुळे हळूहळू वाढणारा, खर्चापुरते कमावणारा उद्योग त्याच्या दृष्टीने जवळपास बुडाल्यातच जमा. आधी गर्दी जमवा, कमाईचे नंतर पाहू, हा त्याचा आग्रह. ‘कू’नेही तेच केले. 2022 मध्ये व्याजदर चढू लागले, भांडवलदारांनी हात आखडले आणि 2023 च्या एप्रिलपर्यंत जवळपास 30 टक्के कर्मचाऱ्यांना घरी जावे लागले. मोठ्या कंपन्यांशी चाललेली विलीनीकरणाची बोलणी फिसकटली. निधीचा हा दुष्काळ आपल्याला ऐन भरात गाठून गेला, असे संस्थापकांनी निरोपाच्या निवेदनात म्हटले. ते खरेच असावे. परंतु रोजचे सुमारे 21 लाख वापरकर्ते गाठलेला मंच एक हंगाम कोरडा गेला म्हणून मरतो, यातच या रचनेचे दुखणे आहे.

दुसरी वाटही दिल्लीने पाहिली होती. 2019 च्या उत्तरार्धात सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. नाझी सलाम करणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या एकाकी जर्मन माणसाचे छायाचित्र, हे त्याचे निमित्त. संतापलेले अनेक भारतीय तेव्हा ‘मॅस्टोडॉन’कडे वळले. हा एका कंपनीचा मंच नाही. सरकारी पत्त्यावरून खासगी कंपनीच्या पत्त्यावर ई-मेल जावी, तसे येथे वेगवेगळ्या व्यक्तींनी व संस्थांनी चालविलेले सर्व्हर समान नियमांनी एकमेकांशी बोलतात. एक सर्व्हर बंद पडला, तरी जाळे उरते.

ऑयगेन रोख्को या जर्मन तरुणाने 2016 मध्ये ते सुरू केले. ऑक्टोबर 2022 मध्ये इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलरना ट्विटर घेतल्यावर लोकांचा लोंढा आला, महिन्याचे सक्रिय वापरकर्ते 25 लाखांवर गेले आणि गुंतवणूकदारही दारात उभे राहिले. रोख्को यांनी पाचांहून अधिक प्रस्ताव नाकारले. याची किंमतही मोजावी लागली. मोजके कर्मचारी, देणग्यांवर गुजराण आणि नवख्याला गोंधळात टाकणारी मांडणी यांमुळे आलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक लोक ओसरले. भरीस भर म्हणून 2024 मध्ये जर्मन करखात्याने संस्थेचा धर्मादाय दर्जाच काढून घेतला. पण ‘मॅस्टोडॉन’ मेले नाही.

‘ब्लूस्काय’ने मधली वाट धरली. 2019 मध्ये ट्विटरच्याच पोटी जन्मलेल्या या प्रकल्पाची पुढे स्वतंत्र कंपनी झाली. ही लोकहिताचे बंधन स्वीकारलेली, पण नफ्यासाठी चालणारी कंपनी. वापरकर्त्याला आपला पसारा उचलून दुसरीकडे जाता यावे, हे तिचे वचन. तिने 2023 मध्ये 80 लाख डॉलर व 2024 मध्ये दीड कोटी डॉलर उभारले. दुसऱ्या फेरीचे नेतृत्व ‘ब्लॉकचेन कॅपिटल’ या संस्थेने केले, तेव्हा जुन्या वापरकर्त्यांच्या भुवया उंचावल्या. नियम खुले असले, तरी बहुसंख्य खाती जोवर कंपनीच्याच यंत्रांवर आहेत, तोवर निघून जाण्याची मुभा बरीचशी कागदावरच राहते. तो पैसा परत मागितला जाईल, तेव्हाच या वचनाचा कस लागेल.

सरकारचीही यात गोची आहे. 2021 च्या नियमांनी 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचांना भारतात निवासी अनुपालन अधिकारी नेमणे बंधनकारक केले. शेकडो छोट्या सर्व्हरांत विखुरलेल्या जाळ्यात हा अधिकारी कोणाचा आणि नोटीस कोणत्या दारी चिकटवावी? एका कंपनीला दटावणे प्रशासनाला सोयीचे असते. म्हणूनच परकी मक्तेदारी नको म्हणणारी राजधानी देशी मक्तेदारीला मात्र चटकन टाळ्या देते. बाहेरचे भांडवल न घेतलेल्या ‘झोहो’च्या ‘अरट्टई’चे 2025 मध्ये मंत्र्यांनी असेच कौतुक केले. असे मंच यूपीआयप्रमाणे परस्परांशी जोडलेले असावेत, हे त्या वेळी बोलून दाखविले ते मात्र कोणा मंत्र्याने नव्हे, तर खुद्द श्रीधर वेंबू यांनी.

1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात संगणकावर निर्माण झालेला मजकूरही अभिलेखात मोडतो. मंत्रालयाचे 10 फेब्रुवारी 2021 चे ते उत्तर आज त्याच्या मूळ ठिकाणी वाचता येत नाही.