दुखणं सोसायचं नाही, सांगायचं



कॅन्सरचं निदान झालं की सगळं घर ऑपरेशन, केमो आणि शेक यांच्यामागे धावतं. गाडीभाडं, तपासण्या, कागदपत्रं. या धावपळीत एक गोष्ट मागेच राहते. आजारी माणसाला किती दुखतंय? झोप लागते का? घास उतरतो का? त्यात बाई आजारी असली तर ती स्वतःहून सांगणारच नाही. "एवढं तर दुखणारच" म्हणून ती गप्प सोसते.

या त्रासावरही इलाज आहे. त्याला पॅलिएटिव्ह केअर, मराठीत परिहार सेवा म्हणतात. दुखणं, मळमळ, धाप, तोंड येणं, जखमेचा वास, मनातली भीती हे सगळं त्यात पाहतात. सेवा करून थकलेल्या घरच्यांशीही बोलतात.

अडचण एकच. लोकांना वाटतं, तिकडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासऱ्यांना अशी चिठ्ठी मिळाली होती. घरच्यांनी भीतीपोटी ती तीन महिने तशीच ठेवली. तेवढे दिवस ते रात्रभर भिंतीला टेकून बसायचे. शेवटी तिथे नेलं, औषध बदललं, आणि त्याच आठवड्यात ते आडवं होऊन झोपू लागले. केमो मात्र चालूच होती.

म्हणजे कॅन्सरचा इलाज आणि परिहार सेवा एकाच वेळी चालतात. एक सोडून दुसरं धरायचं नसतं. अमेरिकेत बोस्टनला फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या 151 रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2010 मध्ये छापून आला. निम्म्यांना इलाजासोबत सुरुवातीपासून ही सेवा दिली. त्यांचे दिवस जास्त बरे गेले, उदासी कमी राहिली. आयुष्यही सरासरी अडीच महिन्यांहून थोडं जास्त मिळालं.

आता मॉर्फिनबद्दल. तीव्र दुखण्यावर ही गोळी तोंडाने देतात. "सवय लागेल" म्हणून लोक घाबरतात. पण कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतली, तर व्यसन लागण्याची भीती फार कमी असते. दुखणं वाढायची वाट न पाहता ठरलेल्या वेळी घ्यायची. तिने पोट साफ होत नाही, म्हणून त्याचंही औषध मागून घ्यायचं. आपल्या मनाने गोळी वाढवायची नाही, एकदम बंद करायची नाही आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

ही सेवा मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे, अनेक जिल्हा रुग्णालयांतही आहे. आपल्या भागात कुठे मिळते ते आशाताईंना किंवा आरोग्यवर्धिनी केंद्रात विचारा. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा, "इलाज चालू असताना त्रास कमी करणारे डॉक्टर कुठे भेटतील?"

गटाचंही यात काम आहे. आजारी सखीकडे जाल तेव्हा "बरी आहेस ना?" एवढंच विचारू नका. त्यावर ती "हो"च म्हणणार. "रुपयात किती आणे दुखतंय?" असं विचारा. चार आणे, आठ आणे, बारा आणे, जे सांगेल ते तारीख घालून वहीत लिहा. रात्री झोप किती लागली तेही लिहा. दवाखान्यात जाताना ती वही सोबत द्या. तिच्या तोंडून जे निघत नाही, ते वही डॉक्टरांना सांगेल. आणि तिची सून किंवा लेक रोज उशाशी बसत असेल, तर आठवड्यातून एक दुपार आपल्यापैकी कुणीतरी तिथे बसा. तिलाही जरा पाठ टेकू दे.