रोलरची थरथर कशी तपासतात?

माझ्या वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या आईबाबांनो, रोलर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. रस्त्याचं काम निघालं की आपण दप्तर सांभाळत त्याच्या मागं पळतो. रोलर जड असतो म्हणून रस्ता दाबतो, एवढंच मला माहीत होतं. पण आताचा रोलर आतून थरथरतो आणि ती थरथर कामाच्या आधी तपासावी लागते, हे मला मार्च महिन्यात कळलं. ते मी ह्या लेखात सांगणार आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्या मोरीजवळचा भराव दोन पावसांत खचला, हे सगळ्यांना आठवत असेल. जीप गावात येईना. माझ्या काकूला बाळंतपणासाठी परभणीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. तेव्हा तिला बाजेवर घालून फाट्यापर्यंत न्यावं लागलं. देवाच्या दयेने बाळ सुखरूप झालं. पण वडील म्हणाले, "रस्ता वरून तर चांगला दिसत होता." म्हणून ह्या साली काम सुरू झालं तेव्हा मी रोज बघायला गेलो.

आपल्या परभणी जिल्ह्यात काळी माती फार. ती कापसाला चांगली, पण रस्त्याला वाईट. पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मग हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून रस्ता करताना वर मुरूम टाकतात, त्याच्यावर खडी टाकतात आणि प्रत्येक थर वेगळा दाबतात. थरात पोकळ जागा राहिली की तिथं पाणी शिरतं आणि रस्ता बसतो.

आता थरथरीचा काय उपयोग, ते बघा. आई पायलीने ज्वारी मोजते तेव्हा काय होतं? पायली न हलवता भरली तर लवकर भरते. दोनतीनदा हलवली की ज्वारी खाली बसते आणि वर आणखी मूठभर मावते. म्हणून देणारा पायली हलवत नाही आणि घेणारा हलवतो! हलवल्यावर दाणे एकमेकांवरून सरकतात आणि मधल्या रिकाम्या जागेत जाऊन बसतात. गुरुजींनी वर्गात हा प्रयोग करून दाखवला. काचेच्या पेल्यात कोरडा बारीक मुरूम भरला. हाताने दाबला तर थोडासाच दबला. मग पेल्याला बाजूने चमच्याने टिचक्या मारल्या, तर मुरूम बोटभर खाली गेला.

पूर्वीचे रोलर नुसत्या वजनाने दाबत. १८६३ साली कलकत्त्याचे इंजिनिअर क्लार्क यांनी बॅथो नावाच्या माणसाबरोबर वाफेचा रोलर तयार केला होता. माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तेव्हाचा रोलर फार जड होता, पण थरथरत नव्हता, असं ती सांगते. आपल्याकडं आलेला रोलर सुमारे ११ टनांचा आहे. पण त्याच्या पुढच्या ड्रमचा दणका त्याच्या वजनाहूनही जास्त जोराचा असतो.

हा दणका कुठून येतो? लोखंडी ड्रमच्या आत एक दांडा असतो. दांड्यावर एकाच बाजूला जड तुकडे बसवलेले असतात. दाबाच्या तेलावर चालणारी मोटार तो दांडा जोरात फिरवते. वजन एका बाजूला असल्यामुळे ड्रम वरखाली हादरतो. सायकल स्टँडवर लावा, मागच्या चाकाच्या रिमला चिंधीत दगड घट्ट बांधा आणि पायडल मारा. सगळी सायकल नाचायला लागते. (हा प्रयोग मोठं माणूस जवळ असतानाच करा. दगड सुटला तर लागेल.) मोबाईल खिशात थरथरतो, तिथंही पुष्कळ फोनमध्ये असाच एकीकडं जड असलेला छोटा तुकडा फिरत असतो.

आता तपासणी. पहिल्या दिवशी रोलर आला तेव्हा ड्रायव्हरमामांनी काम सुरूच केलं नाही. गावातली माणसं जमली. मिस्त्रीही आले होते. मामांनी दोन जुने टायर मागवले, जमिनीवर आडवे टाकले आणि ड्रम हळूच त्यांच्यावर चढवला.

मी विचारलं, "मामा, टायर कशाला टाकायलात?"

मामा म्हणाले, "लेकरा, एका जागी उभं राहून कडक जमिनीवर थरथर चालू केली तर दणका उलटा यंत्रालाच बसतो. आतले बेअरिंग अन् रबर खराब होतात. टायरवर दणका मऊ बसतो."

तपासणी अशी केली.

पहिली गोष्ट. इंजिन बंद असताना ड्रमच्या दोन्ही बाजू बघितल्या. तेल गळतंय का, बोल्ट सैल आहेत का, रबराचे गट्टे चिरले आहेत का, हे बघितलं. हे गट्टे ड्रम आणि यंत्राच्या मधे असतात. त्यांच्यामुळं ड्रम थरथरला तरी ड्रायव्हरची जागा तेवढी हादरत नाही. जागा जास्त हादरली तर गट्टे गेले असं समजावं.

दुसरी गोष्ट. इंजिन गरम होऊ दिलं. मग वेग वाढवून थरथरीचं बटण दाबलं. थरथर दोन तऱ्हेची असते, मोठी आणि लहान. जाड थराला मोठी लागते, वरच्या पातळ थराला लहान. मोठ्या थरथरीतसुद्धा ड्रम नाण्याच्या जाडीएवढाच हलतो. म्हणून नुसत्या डोळ्याने बघून खात्री होत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. मिस्त्रींकडं एक छोटं यंत्र होतं. त्यात पोलादाच्या बारीक पट्ट्या ओळीनं होत्या आणि प्रत्येकीपुढं आकडा होता. लांब दोरीचा झोका सावकाश जातो आणि आखूड दोरीचा लवकर, तसंच पट्ट्यांचं असतं. ज्या पट्टीची चाल रोलरच्या चालीशी जुळते तीच जोरात थरथरते, बाकीच्या जवळजवळ गप्प राहतात. ह्या रोलरला एका सेकंदाला सुमारे ३० दणके पाहिजेत, म्हणजे मिनिटाला १८००. पण यंत्र टेकवलं तर ३० च्या जवळची पट्टी गप्पच राहिली. फार कमी आकड्याची पट्टी हलत होती.

मामांनी रोलर बंद केला. माणसं म्हणायला लागली, "अहो, दिवस वाया चाललाय. नुसता फिरवा की!"

मामा म्हणाले, "फिरवतो म्हणलं तर आत्ता फिरवतो. वरचा थर गुळगुळीत दिसंल, खालचा भुसभुशीत राहील. पाऊस पडल्यावर मला बोल लावू नका."

मग माझे वडील म्हणाले, "थांबा एक दिवस. मागच्या साली आम्ही लई घाई केली." सगळे गप्प बसले.

मिस्त्रींनी शोधलं तेव्हा दाबाचं तेल कमी होतं आणि एका नळीतून ते झिरपत होतं. दुसऱ्या दिवशी नवी नळी आणली, तेल भरलं आणि पुन्हा टायरवर तपासणी केली. आता ३० च्या जवळची पट्टी अशी थरथरली की ती पुसट दिसायला लागली. बटण बंद केल्यावर थरथर थांबते का, हेही बघितलं. तेही बघावंच लागतं.

काम करतानाही नियम असतो. रोलर चालायला लागल्यावर थरथर चालू करायची आणि थांबायच्या आधी बंद करायची. नाहीतर एकाच जागी खड्डा पडतो. मुरमाला ओलही बेताची लागते. मामा मुठीत मुरूम दाबून बघत होते. लाडू वळला पण हात चिखलला नाही, तर ओल बरोबर. मातीच्या भिंतींच्या घरांजवळ मात्र मामांनी थरथर बंद केली, कारण दणक्याने जुन्या भिंतींना तडे जातात. तिथं नुसत्या वजनानं जास्त फेऱ्या मारल्या.

शेवटी इंजिनिअर साहेबांनी दबलेल्या थरात छोटा खड्डा केला. निघालेला मुरूम वजन केला आणि खड्ड्यात मोजलेली वाळू ओतली. किती वाळू मावली त्यावरून खड्डा केवढा ते कळतं आणि मुरूम किती घट्ट बसला ते हिशेबाने निघतं. म्हणजे आधी यंत्राची परीक्षा आणि मग रस्त्याची परीक्षा.

२०२२ च्या जून महिन्यात आपल्याच महाराष्ट्रात अमरावती ते अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबराचा थर टाकला. त्याची नोंद गिनीजच्या पुस्तकात झाली. तिथंही डांबर टाकल्यावर ते रोलरनंच दाबावं लागलं. घाईच्या कामातसुद्धा दाबण्याचं काम कोणाला टाळता येत नाही.

आमचं घर मोरीला लागून आहे, पण भिंती नव्या विटांच्या आहेत. मोरीवर रोलर चालला तेव्हा आजीच्या उतरंडीतली मडकी किणकिणली. आजी म्हणाली, "मागच्या साली रोलर आला तव्हा माझी उतरंड हाललीच नव्हती रे."

म्हणून मित्रांनो, रोलर फिरला म्हणजे रस्ता झाला असं समजू नका. आणि मोठ्या माणसांना माझी विनंती आहे. रोलर आला की आधी विचारा, "थरथर तपासली का?" त्यासाठी एक दिवस थांबावं लागलं तर थांबा. पावसाळ्यात कोणाला बाजेवर न्यावं लागणार नाही.

– इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा