‘भंग’ की ‘लोप’?

आधुनिक पदार्थविज्ञानातील एका मूलगामी कल्पनेस मराठीत ‘उत्स्फूर्त सममितिभंग’ असे म्हटले जाते. यातील ‘भंग’ हा शब्द मात्र विचार करावयास लावणारा आहे. ‘नियमभंग’, ‘व्रतभंग’ या शब्दांच्या सवयीने विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, निसर्गाने येथे स्वतःचाच नियम मोडला. वस्तुतः नियम अबाधित राहतो. सममिती दिसेनाशी होते ती अवस्थेतून.

लोखंडाचे उदाहरण घेऊ. त्यातील अणू म्हणजे जणू सूक्ष्म चुंबकच. सुमारे 770 अंश सेल्सियसच्या वर ते वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात. कोणत्याच दिशेला अग्रमान नसतो. लोखंड त्याखाली निवाले की, शेजारचे अणू एका दिशेस वळतात. नेमक्या कोणत्या, हे नियम सांगत नाही. पण एक दिशा पत्करणे भाग पडते.

1960 च्या सुमारास योइचिरो नांबू यांनी हा विचार मूलकणांना लावला. क्षेत्रसिद्धान्तात ‘निर्वात’ म्हणजे केवळ रितेपणा नव्हे, तर किमान ऊर्जेची अवस्था होय. अशा समतुल्य अवस्था अनेक असल्या, तरी विश्व त्यांपैकी एकीतच नांदते. परंतु 1961 मध्ये जेफ्री गोल्डस्टोन यांनी अडचण दाखविली : अशा वेळी वस्तुमानरहित कण उद्भवावयास हवेत, आणि तसे कण तर आढळत नव्हते. 1964 मध्ये ब्राउट व आंग्लेर, हिग्ज, तसेच गुराल्निक, हेगन व किबल यांनी मार्ग काढला. सममिती बलवाहक क्षेत्राशी निगडित असेल, तर बलवाहक कण त्या नकोशा कणास पोटात घेतो आणि स्वतः वस्तुमान धारण करतो.

वाइनबर्ग (1967) व सलाम (1968) यांनी ही युक्ती दुर्बल बलास लावली. सममितीचे गणित कायम असल्यामुळेच डब्ल्यू व झेड या कणांची वस्तुमाने आधी वर्तविता आली. 1983 मध्ये जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत ते सापडले. प्रोटॉनच्या सुमारे 86 व 97 पट जड. हिग्ज कणाची घोषणा तेथेच 4 जुलै 2012 रोजी झाली.

संस्कृत व्याकरणात प्रत्ययाचा लोप झाला, तरी त्याचे कार्य उरते. येथेही तसेच आहे : सममिती दिसत नाही, पण तिचे कार्य कणांच्या वस्तुमानांत मोजता येते. म्हणून ‘सममितिलोप’ हा शब्द अधिक यथार्थ वाटतो. रूढ संज्ञा बदलणे न घडले, तरी वर्गात ती उच्चारताना शिक्षकाने एवढे अवश्य सांगावे की, येथे भंगले आहे ते रूप, नियम नव्हे.