संरक्षक साधने आणि आरोग्यसेवकांची त्वचा

मुखपट्टी, हातमोजे व संरक्षक पोशाख यांमुळे उद्भवणारे त्वचाविकार कोविडच्या काळात चर्चेत आले असले तरी ते नवे नाहीत. २००३ च्या सार्स साथीनंतर सिंगापूरमधील आरोग्यसेवकांची पाहणी झाली, तेव्हा एन-९५ मुखपट्टी वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के व हातमोजे वापरणाऱ्यांपैकी सुमारे २१ टक्के जणांनी त्वचेच्या तक्रारी सांगितल्या. मुखपट्टीखाली पिटिका व कंडू, तर हातमोज्यांखाली रूक्षता, असे त्यांचे मुख्य स्वरूप होते. २०२० च्या आरंभी चीनच्या हुबेई प्रांतात ५४२ आरोग्यसेवकांची अशीच पाहणी झाली. तीत ९७ टक्के जणांना त्वचेची इजा आढळली आणि ती सर्वाधिक नाकाच्या दांड्यावर होती. साथ ओसरली, परंतु शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग व डायलिसिस कक्ष येथील हातमोजे काही उतरलेले नाहीत.

असा रुग्ण समोर आला की 'रक्तदुष्टी' म्हणून मंजिष्ठादि क्वाथ लिहून द्यावा, ही आपली सवय येथे अपुरी पडते. येथे बाह्य हेतूच प्रधान आहे. तो ओळखल्याशिवाय निदानपरिवर्जन कसले होणार? नाकावरचा व कानामागचा व्रण दाब आणि घर्षण यांमुळे होतो. त्यावर पोटातील औषधापेक्षा मुखपट्टीचे योग्य माप आणि अधूनमधून विसावा अधिक उपयोगी. हनुवटी व गालांवरील पिटिका उष्ण, दमट हवा कोंडल्याने वाढतात. हातांची आग व भेगा बहुधा वारंवार साबण लावल्याने आणि ओल्या हातांवर मोजे चढविल्याने होतात. या विदग्ध, रूक्ष त्वचेला आपण घाईने विचर्चिका म्हणतो.

हातमोज्यांची ॲलर्जी मात्र वेगळी. रबर तयार करताना वापरलेल्या थायुराम इत्यादी रसायनांमुळे एक-दोन दिवसांनी कंडूयुक्त पुरळ उठते. नायट्राइलच्या मोज्यांतही अशी रसायने असू शकतात, म्हणून केवळ लेटेक्स सोडून भागेलच असे नाही. लेटेक्समधील प्रथिनांची ॲलर्जी याहून निराळी. तीत काही मिनिटांतच गांधी उठतात, नाक गळते, प्रसंगी श्वास लागतो. अशा रुग्णाला लेप लावत बसू नये. श्वास लागला असेल तर तातडीने रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक स्पष्ट सूचना. हाताला किंवा जांघेत खाज सुटली म्हणून येणाऱ्या परिचारिकेला स्टिरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेले मलम देण्याची प्रथा सर्वत्र आहे. संरक्षक पोशाखाच्या घामाने जांघेत दद्रू झालेला असेल, तर या मलमाने कंडू तेवढा शमतो आणि दद्रू पसरतो. २०१८ साली अनेक बाह्य स्टिरॉइडे अनुसूची 'एच' मध्ये आली, ती उगाच नव्हे. चिकित्सापत्राशिवाय ती देऊ नयेत.

आपल्या द्रव्यांपैकी शतधौतघृत येथे उपयुक्त वाटते. शीत, दाहशामक आणि पोत मलमासारखा. पण ते केव्हा लावावे, हे द्रव्याइतकेच महत्त्वाचे. काम संपवून, हात कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे केल्यावर रात्री लावावे. स्राव किंवा पूय असल्यास नको. पिटिका असलेल्या चेहऱ्यावर तर कोणतेच घृत-तैल नको. मुखपट्टी चढविण्यापूर्वी नाकावर तेल, तूप किंवा जाड लेप लावल्यास ती चेहऱ्यावर घट्ट बसत नाही व फटीतून दूषित हवा आत शिरते. दाब कमी करण्यासाठी नाकावर पट्टी चिकटविली, तरी मुखपट्टी नीट बसते का, हे पुन्हा तपासावे लागते. तेल व व्हॅसलिन यांनी लेटेक्सचे मोजेही कमकुवत होतात, म्हणजे संरक्षणच गेले. हळद-लिंबाचे घरगुती लेप भेगाळलेल्या त्वचेवर आग वाढवितात. बिब्ब्याचे नाव तर काढूच नये.

हात धुण्याबाबत एक गैरसमज रूढ आहे. अल्कोहोलयुक्त द्रावण भेगांवर झोंबते म्हणून अनेक जण पुन्हा साबणाकडे वळतात. वस्तुतः हात दिसण्याइतके मळलेले नसतील, तर ग्लिसरीनयुक्त अल्कोहोल द्रावण त्वचेला साबणापेक्षा सौम्य असते. जुलाबाचे काही संसर्ग मात्र अपवाद. तेथे साबण-पाणीच हवे. द्रावण पूर्ण वाळल्यानंतरच मोजे घालावेत, आणि द्रावण लावल्यावर लगेच साबणाने हात धुण्याची दुहेरी सवय मोडावी.