तेलातून जाणारा पीळ

एक सोपा प्रयोग करून पाहा. जाळी बसवलेले दोन टेबलपंखे समोरासमोर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवा. एकच पंखा सुरू करा. दुसऱ्याची पिन विजेच्या खोबणीतून काढून ठेवा. थोड्याच वेळात दुसरा पंखाही हळूहळू फिरू लागेल. दोघांमध्ये ना पट्टा आहे, ना दात्यांचे चक्र. पहिल्याने ढकललेली हवा दुसऱ्याच्या पात्यांवर आपटते आणि त्यांना फिरवते.

आता हवेच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद, गोल, डब्यासारख्या कवचात बसवा. एक पंखा इंजिनाला जोडा, दुसरा गिअरबॉक्सला. ही झाली टॉर्क कन्व्हर्टरची सुरुवात. टॉर्क म्हणजे पीळ, म्हणजेच फिरवणारा जोर. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, ते मोटारीसाठी नव्हे, तर जहाजासाठी. जहाजातील वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरे, तर पाण्यातील पंखा सावकाश फिरायला हवा होता. या दोघांची सांगड त्याला तेलाच्या मदतीने घालायची होती. पुढे १९४८ साली ब्युइक कंपनीने आपल्या मोटारींत ही युक्ती आणली. आज अमेरिकेतील बहुतेक पिकअप ट्रकना क्लचचे पेडल नसते. पुढे बसायची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या या गाड्या लोक कामावर जायला, बाजारहाटाला आणि सुटीच्या दिवशी मागे ट्रेलर जोडून ओढायलाही वापरतात.

अशा गाडीचा गिअरबॉक्स दुरुस्तीला उघडला आणि कन्व्हर्टर बदलायची वेळ आली, की मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो: नवा कन्व्हर्टर किती ‘स्टॉल स्पीड’चा घ्यावा? प्रश्न दुकानातला वाटतो, पण त्याचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे.

तिसरे चक्र कशासाठी?

कन्व्हर्टरमधील इंजिनाकडच्या चक्राला पंप म्हणतात आणि गिअरबॉक्सकडच्या चक्राला टर्बाइन. टर्बाइनवर आपटून परतणारे तेल उलट्या दिशेने पंपावर येते आणि त्याला अडवते. म्हणून या दोघांच्या मध्ये तिसरे, लहान चक्र बसवलेले असते. ते म्हणजे स्टेटर. त्याची वाकडी पाती परतणाऱ्या तेलाची दिशा बदलतात, त्यामुळे तेल पंपाला अडवण्याऐवजी मदत करते. स्टेटर उलटा फिरू शकत नाही, कारण तो गिअरबॉक्सच्या स्थिर भागावर टेकलेला असतो. तरफेला जसा टेकू, तसा इथे स्टेटर. त्यामुळे गाडी जागची हलत असताना टर्बाइनला मिळणारा पीळ इंजिनाच्या पिळाच्या सुमारे दुप्पट होऊ शकतो.

गाडीने वेग घेतला आणि टर्बाइन जवळजवळ पंपाच्याच वेगाने फिरू लागली, की स्टेटर मोकळा सुटतो आणि तेलाबरोबर फिरू लागतो. सायकलच्या मागच्या चाकातील फ्रीव्हील एका दिशेला मोकळे फिरते ना, तसाच हा प्रकार. मग पीळ वाढत नाही, नुसता पुढे पोचवला जातो.

स्टॉल स्पीड म्हणजे काय?

समजा, गाडी ब्रेक लावून घट्ट उभी केली आहे, गिअर पडलेला आहे आणि कुणी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. टर्बाइन फिरू शकत नाही. इंजिनाचे फेरे वाढत जातात, पण एका आकड्याशी येऊन थांबतात. तोच आकडा म्हणजे स्टॉल स्पीड. ही चाचणी जाणते मेकॅनिक काही सेकंदांपुरतीच घेतात. तुम्ही मात्र ती मुळीच करू नका. कारण पुढे कळेलच.

फेरे तिथेच का थांबतात? पंप फिरवायला लागणारा पीळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट केले, की पीळ चौपट लागतो. समजा, ३० सेंटिमीटर व्यासाच्या एका कन्व्हर्टरला मिनिटाला १,००० फेऱ्यांशी १०० न्यूटन-मीटर पीळ लागतो. मग १,५०० फेऱ्यांशी २२५, १,८०० शी ३२४ आणि २,००० शी ४०० लागेल. आपले इंजिन १,८०० फेऱ्यांशी जास्तीत जास्त ३२४ न्यूटन-मीटर देते असे धरू. म्हणजे देणे आणि मागणे तिथे बरोबर जुळले. स्टॉल स्पीड १,८००.

हाच कन्व्हर्टर २,००० फेऱ्यांशी ४०० न्यूटन-मीटर देणाऱ्या दांडग्या इंजिनाला जोडला, तर स्टॉल स्पीड २,००० होईल. म्हणून दुकानाच्या यादीत छापलेला आकडा हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही. तो इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्यात झालेला करार आहे. आणखी एक गैरसमज दूर करू. स्टॉल स्पीड २,४०० असला, तर २,४०० फेरे झाल्याशिवाय गाडी हलणारच नाही, असे अनेकांना वाटते. तसे नाही. सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवला, तरी गाडी त्याच्या कितीतरी आधीच चालू लागते.

तीन सेंटिमीटरचा फरक

स्टॉल स्पीड बदलायचा कसा? पात्यांचे कोन बदलून, किंवा व्यास बदलून. पंपाला लागणारा पीळ व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो. व्यास ३० वरून २७ सेंटिमीटर केला, म्हणजे एक दशांशाने कमी केला, तर ०.९ चा पाचवा घात सुमारे ०.५९. पीळ १०० ऐवजी ५९ च लागेल! आपले इंजिन २,४०० फेऱ्यांशी ३४० न्यूटन-मीटर देते असे धरले, तर आता जुळणी २,४०० फेऱ्यांशी होईल. अशा कन्व्हर्टरला अमेरिकन मेकॅनिक ‘ढिला’ म्हणतात. व्यास ३३ सेंटिमीटर केला, तर तो ‘घट्ट’ होईल. इंजिन १,३३० फेऱ्यांशी २८५ न्यूटन-मीटर देत असेल, तर जुळणी तिथेच होईल. पडताळा तुम्ही स्वतः घ्या, वहीत पाच ओळींचे गणित आहे.

आता खरा हिशेब मांडू. तिन्ही कन्व्हर्टर पीळ दुप्पट करतात असे धरू. गाडी जागची हलताना गिअरबॉक्सला घट्ट कन्व्हर्टरमधून ५७०, मधल्यातून ६४८ आणि ढिल्यातून ६८० न्यूटन-मीटर पीळ मिळेल. घट्ट सोडून मधला घेतला, तर सुमारे १४ टक्के लाभ. मधला सोडून ढिला घेतला, तर लाभ जेमतेम ५ टक्के.

आणि किंमत? पीळ दुप्पट झाला, तरी शक्ती दुप्पट होत नाही. टर्बाइन अडलेली असताना ती काहीच काम करत नाही. मग इंजिनाची शक्ती जाते कुठे? सारी तेलात, उष्णता होऊन! मधल्या कन्व्हर्टरमध्ये ३२४ न्यूटन-मीटर आणि १,८०० फेरे, म्हणजे सुमारे ६१ किलोवॉट. दोन किलोवॉटचे ३० गिझर एकदम लावल्यासारखेच! दहा किलो तेल एक अंशाने तापवायला सुमारे २० किलोज्यूल लागतात. म्हणजे तेल दर सेकंदाला ३ अंशांनी तापू शकते. थोडी उष्णता धातू घेतो हे खरे, पण कन्व्हर्टरमध्ये एका वेळी यातले थोडेच तेल असते, म्हणून तिथले तापमान अधिकच झपाट्याने चढते. चाचणी काही सेकंदांचीच का, ते आता कळले असेल. ढिल्या कन्व्हर्टरमध्ये हाच आकडा सुमारे ८५ किलोवॉट होतो. लाभ ५ टक्के, उष्णता ४० टक्के जास्त!

ट्रेलर आणि घाटरस्ता

तुम्ही म्हणाल, रोज कोण ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दाबणार? बरोबर. पण मागे जड ट्रेलर जोडून गाडी चढावर सावकाश चढते, तेव्हा स्थिती त्याच्या जवळपास जाते. पंप पुढे पळतो आणि टर्बाइन मागे रेंगाळते. समजा, इंजिन ६० किलोवॉट देत आहे. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर १२ किलोवॉट तेलात जातील. कन्व्हर्टर ढिला असून कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर १८ किलोवॉट. इतकी उष्णता तेल थंड करणाऱ्या लहानशा जाळीने मिनिटामागून मिनिट बाहेर टाकायची असते. या तेलाला ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्याच्या फार वर गेले, की तेल काळवंडते, त्याला जळका वास येतो, रबरी सील कडक होतात आणि क्लचच्या चकत्या घसरू लागतात. मग जो गिअरबॉक्स वर्षानुवर्षे चालला असता, तो चढावर मध्येच साथ सोडतो. तोही नेमका मागे भार असताना.

सपाट महामार्गावर मात्र सुटका आहे. पॅकार्ड कंपनीने १९४९ साली कन्व्हर्टरमध्येच एक क्लच बसवला. वेग स्थिर झाला, की तो पंप आणि टर्बाइन यांना घट्ट जोडतो आणि घसरणे थांबते. आजच्या ऑटोमॅटिक गाड्यांत अशी सोय सर्रास असते. पण सिग्नलपाशी थांबत-निघत जाणाऱ्या शहरी रहदारीत आणि अगदी सावकाश चढण्यात तो क्लच सुटलेला असतो. तिथे सारा भार तेलावरच.

मग ढिला कन्व्हर्टर बनवतात तरी कशाला? शर्यतीसाठी कॅमशाफ्ट बदललेली काही इंजिने कमी फेऱ्यांना अगदी दुबळी असतात. असे एक इंजिन १,५५० फेऱ्यांशी २४० च न्यूटन-मीटर देते, पण २,४०० शी ३४०, असे समजा. मधल्या कन्व्हर्टरशी त्याची जुळणी १,५५० शी होईल आणि गाडीला ४८० न्यूटन-मीटर मिळतील. ढिल्याशी ६८०. इथे लाभ ५ टक्के नव्हे, ४० टक्क्यांहून जास्त! त्या इंजिनाला ढिला कन्व्हर्टरच हवा. उलट डिझेल इंजिन कमी फेऱ्यांनाच भरपूर पीळ देते, म्हणून त्याला घट्ट कन्व्हर्टर शोभतो.

म्हणजे निवड करताना आधी इंजिनाकडे पाहायचे. ते कमीत कमी किती फेऱ्यांना पुरेसा पीळ देते? तिथेच किंवा जरासे वर स्टॉल स्पीड ठेवायचा, त्यापुढे नाही. आपल्या उदाहरणातील मालक आठवडाभर कामावर जातो आणि रविवारी ट्रेलर ओढतो. त्याने २,४०० च्या मोहात न पडता १,८०० वर थांबावे. शेजारच्या शर्यतीच्या गाडीचा आकडा मोठा आहे, हे काही कारण नव्हे.

तेव्हा ऑटोमॅटिक गाडी सिग्नलवरून अलगद निघताना पाहाल, तेव्हा त्या गोल डब्यात फिरणाऱ्या तेलाची आठवण ठेवा. ते पीळ वाढवून देते, पण त्याचे मोल उष्णतेच्या रूपाने वसूलही करते.