शेवटच्या वर्षाची मुलगी आणि सम्यक स्मृती

परीक्षा जवळ आली की वस्तीतल्या मुली आमच्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला येतात. जरा बसवून विचारले की कळते, झोप लागत नाही, छाती धडधडते, वाचलेले लक्षात राहत नाही. पदवीचे शेवटचे वर्ष, शिष्यवृत्ती अडकलेली, पुढे नोकरीचा पत्ता नाही, आणि घरात स्थळांच्या गोष्टी सुरू.

हे नखरे नव्हेत. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढते, ठोके वाढतात, श्वास उथळ होतो. मन उद्याच्या काळजीत अडकले की समोरचे पान डोक्यात शिरत नाही.

इथे सम्यक स्मृती कामी येते. अष्टांगिक मार्गाचे हे सातवे अंग, पालीत ‘सती’. आत्ता शरीरात आणि मनात काय चालले आहे ते जागेपणी पाहणे, एवढेच. यात मंत्र नाही, चमत्कार नाही. आज जग यालाच ‘माइंडफुलनेस’ म्हणते. इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. ज्यांना आठ आठवडे हे शिकवले, त्यांना परीक्षेच्या दिवसांत मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी झाला.

करायचे कसे? पाठ ताठ ठेवून बसा. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहा. मन भटकेल, रागावू नका, पुन्हा श्वासावर आणा. रोज दहा मिनिटे पुरे. डोळे मिटून घाबरायला झाले तर उघडे ठेवा, तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या. एका खोलीच्या घरात शांतता मिळत नसेल तर विहारात बसा.

पण श्वास पाहून शिष्यवृत्ती जमा होत नाही. त्यासाठी आईवडिलांनी तिच्याबरोबर कॉलेजच्या कार्यालयात जावे. निकालापर्यंत लग्नाचा विषय बंद ठेवावा. भांडी भावानेही घासावीत. ‘ध्यान कर’ म्हणून तिला गप्प बसवणे म्हणजे धम्म नव्हे.

दोन आठवडे झोप-जेवण बिघडले किंवा रडू थांबत नसेल तर डॉक्टरांकडे न्या. ‘जगावेसे वाटत नाही’ असे ती बोलली तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटी सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे. तो आजच घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

जयभीम.